चांदीच्या फटीत प्रकाश

नाशिकच्या सराफ बाजारात मांडलेली चांदीची भांडी बघितली की वाटतं चांदीचं काम काय तर चमकणं, पण तीच चांदी केसापेक्षा हजारपट बारीक केली की प्रकाशाशी एकदम वेगळीच वागते आणि मला तरी हे फार भारी वाटतं.

आधी मूळ अडचण सांगतो: प्रकाशाचा रंगच बदलून टाकणारे परिणाम असतात, पण फार क्षीण. 1961 मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला, तर पलीकडे 347 चा अल्ट्राव्हायोलेट निघाला, म्हणजे दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळून एक झाला! पण इतका क्षीण, की फोटोवरचा त्याचा ठिपका छापताना डाग समजून काढून टाकला गेला. रेणूंचंही तसंच. रेणूतल्या इलेक्ट्रॉनला न्यूक्लियसने इतकं घट्ट धरलेलं असतं की साध्या प्रकाशाच्या धक्क्याने तो जेमतेम हलतो, जेवढा धक्का तेवढाच झोका, आणि असले नॉनलिनियर प्रकार, म्हणजे जिथे झोका धक्क्याच्या प्रमाणात राहत नाही, ते दिसायला धक्का जबरदस्तच लागतो.

इथे धातू कामाला येतो. चांदीच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाच्या प्रकाशात सगळे मिळून हेलकावे घेतात, याला प्लाझ्मॉन म्हणतात, आणि दोन कणांमध्ये नॅनोमीटरभर फट असली तर सगळा जोर त्या फटीत गोळा होतो. नाशिकजवळच्या सोमेश्वर धबधब्याला बघा ना, एरवी पसरट, संथ गोदावरी खडकांत अरुंद झाली की तेच पाणी कसं उसळतं. रेणू नेमका त्या फटीत बसवायचा.

आता हिशोब बघा, फटीत प्रकाशाचं फील्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनला ढकलणारा जोर, 10 पट झालं तर तीव्रता त्याच्या वर्गाने म्हणजे 100 पट, आणि दोन फोटॉनचा परिणाम तीव्रतेच्या वर्गाने वाढतो म्हणून तो थेट 10,000 पट! 1981 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ शेन यांच्या गटाला खरबरीत चांदीवर साधारण एवढीच वाढ दिसली होती.

पण रेणू धातूपासून थोडा जरी लांब गेला की फायदा संपला, आणि स्वतः प्रकाश सोडणारा रेणू धातूला अगदी चिकटला तर ऊर्जा धातूतच जिरते. शिवाय चांदी काळी पडते हे तर आपल्याला घरचंच माहितीये, हवेतल्या गंधकाने. देवघरातलं निरांजन रांगोळीने घासता येतं, 50 नॅनोमीटरचा कण कसा घासणार? म्हणून बरेचदा सोनं घेतात, ते काळं पडत नाही, फक्त त्याला लाल किंवा इन्फ्रारेड प्रकाश द्यावा लागतो, निळा तर ते स्वतःच गिळतं.