एस्ट्रोजेन आणि बायकांचं आरोग्य

एस्ट्रोजेन हे मुख्यतः ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हार्मोन, खरं तर तीन-चार हार्मोन्सचा गट आहे. त्यातलं सगळ्यात जोरकस एस्ट्राडायोल, वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत मुख्य काम तेच करतं. एस्ट्रिऑल गरोदरपणात वारेतून भरपूर येतं आणि पाळी गेल्यावर जे थोडंफार उरतं ते एस्ट्रोन, तेही बरंचसं शरीरातल्या चरबीत बनतं. कच्चा माल कोलेस्टेरॉल. त्यापासून ओव्हरीतल्या काही पेशी आधी पुरुषी हार्मोन बनवतात आणि शेजारच्या पेशी अरोमाटेज नावाचं एन्झाइम वापरून त्याचं एस्ट्रोजेन करतात. हेच एन्झाइम चरबीतही असतं, म्हणून वजन खूप जास्त असलेल्या बाईच्या अंगात पाळी गेल्यावरही एस्ट्रोजेन बनत राहतं आणि ते चांगलंच असतं असं नाही, कारण त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तेव्हा नसतं, गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो.

१९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी ओव्हरीतल्या या हार्मोनचा परिणाम उंदरांवर दाखवला, आणि १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट या दोघांनी वेगवेगळं काम करून एस्ट्रोन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, तेही गरोदर बायकांच्या लघवीतून.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तात एस्ट्राडायोल साधारण ३० ते ५० पिकोग्रॅम प्रति मिली असतं, बीज मोठं होत जातं तसं ते २०० च्या वर चढतं आणि मेंदूला तो इशारा मिळाला की बीज फुटतं. हे शाळेत थोडंफार शिकवतात. पण एस्ट्रोजेन म्हणजे पाळी आणि मूल एवढंच, असा जो समज आपल्याकडे आहे त्याने बायकांचं फार नुकसान केलंय. हे हार्मोन ओळखणारे रिसेप्टर हाडांत आहेत, मेंदूत आहेत, रक्तवाहिन्यांत, कातडीत, लघवीच्या पिशवीत आहेत, त्यामुळे एस्ट्रोजेन कमी झालं की नुसती पाळी जात नाही, बाकी सगळीकडेही फरक पडतो.

हाडांचंच बघा. हाड सतत झिजत असतं आणि भरत असतं, एस्ट्रोजेन झिजवणाऱ्या पेशींना लगाम घालतं. पाळी गेल्यावर तो लगाम सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज सगळ्यात वेगात होते. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. मग साठीतली बाई बाथरूममध्ये घसरते, हात टेकवायला जाते आणि मनगट मोडतं, पुढे कधीतरी खुबा मोडतो, नाहीतर पाठीचे मणके दबून उंची कमी होते आणि पाठीला बाक येतो, घरचे म्हणतात वय झालं. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली तर हे आधीच दिसतं, त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्याही खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास. अंगातून एकदम वाफा निघणं, रात्री घामाने गाऊन भिजणं, झोप उडणं, चिडचिड, हे सगळं होतं कारण मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र एस्ट्रोजेनशिवाय जास्तच हळवं होतं. हा त्रास कित्येकींना सात-आठ वर्षंसुद्धा पुरतो, त्याला मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे.

त्याहून वाईट अवस्था होते ती चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढली आणि सोबत ओव्हरीही काढल्या तर. नैसर्गिक पाळी जाताना एस्ट्रोजेन वर-खाली होत काही वर्षांत उतरतं, इथे ते ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांतच उतरतं. ओव्हरी ठेवल्या तरी त्या थोड्या लवकर थकू शकतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं तर पिशवी काढून टाका म्हणतात, आणि ओव्हरी काढल्या की ठेवल्या हे कितीतरी बायकांना कोणी सांगतच नाही. खरं तर ज्यांच्या ओव्हरी लवकर गेल्या त्यांना, काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत बाहेरून एस्ट्रोजेन द्यावं असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

बाहेरून द्यायचं म्हणजे एचआरटी, हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी. अमेरिकेत १९४२ पासून गाभण घोड्यांच्या लघवीपासून बनवलेली प्रेमारिन ही गोळी मिळायची आणि पुढे ती तारुण्य टिकवायचं औषध म्हणून खपली. मग २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) दोन्ही दिलेला भाग मुदतीआधीच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. जगभर बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. पण वाढ होती दर १० हजार बायकांमागे वर्षाला साधारण ८ केसेसची आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे ज्यांना एचआरटी खरोखर लागते त्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायका त्यात कमीच होत्या. पिशवी काढलेल्या ज्यांना नुसतं एस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला. आता मत असं आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास असलेल्या निरोगी बाईला फायदा बहुतेक वेळा जास्त असतो. पिशवी शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. गोळी लिव्हरमधून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते, कातडीवर लावायच्या जेल किंवा पॅचने गुठळीचा धोका कमी राहतो. स्तनाचा कॅन्सर, पायात गुठळी, पक्षाघात असं काही होऊन गेलं असेल तर सहसा देत नाहीत. सोयाबीन, जवस खायला हरकत नाही पण त्यातली एस्ट्रोजेनसारखी द्रव्यं फार क्षीण असतात, त्यावर हाडं सांभाळली जाणार नाहीत.

दोन गोष्टी बायका लाजेने सांगत नाहीत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडंसं जरी अंगावरून गेलं तरी सोनोग्राफी करून घ्यायचीच, गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण कित्येकदा तीच असते. आणि योनीमार्ग कोरडा पडणं, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, वारंवार इन्फेक्शन, हे एस्ट्रोजेन गेल्यामुळे होतं आणि वाफांसारखं आपोआप थांबत नाही, उलट वाढत जातं. त्यावर आतून लावायचं एस्ट्रिऑलचं क्रीम मिळतं, ते रक्तात फार कमी उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने मात्र आधी साधं मॉइश्चरायझर वापरून बघावं आणि क्रीमचं कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.