वायफाय अडकतं तेव्हा मोजायचा तो वेळ

आमचा राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे होता. लेकीचा ऑनलाइन क्लास त्याच्यापासून चार पावलांवर चालायचा, तरी शिक्षिकेचं चित्र मध्येच गोठायचं. स्पीड टेस्टचा आकडा मात्र झकास. शेवटी मी लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावून ठेवला. पिंग म्हणजे हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. एरवी 3-4 मिलिसेकंदांत ओ यायची. आतल्या खोलीत कुणी फोनवर व्हिडिओ लावला, की तोच आकडा 200 च्या वर! अडथळा घरातच होता.

वायफायमध्ये हवा सगळ्यांची मिळून एकच असते. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात 1971 मध्ये नॉर्मन एब्रॅमसन यांचं अलोहानेट हे बिनतारी नेटवर्क सुरू झालं, त्यात ज्याला हवं त्याने हवं तेव्हा पाठवायचं अशी मुभा होती. गणित केलं तर त्या पद्धतीत चॅनेलचा जेमतेम 18 टक्के वेळ कामी येतो. म्हणून वायफायची यंत्रं आधी कानोसा घेतात, मगच बोलतात.

यात पाळ्या साधारण सारख्या मिळतात, पण वेळ सारखा मिळत नाही. गोम इथेच आहे. माहिती छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. 1500 बाइटचं पॅकेट म्हणजे 12,000 बिट. जुन्या वायफायच्या 11 एमबीपीएस (सेकंदाला 1 कोटी 10 लाख बिट) वेगाने ते सुमारे 1.1 मिलिसेकंदात जातं, 1 एमबीपीएसने 12 मिलिसेकंद लागतात. दोघांनी आळीपाळीने एकेक पॅकेट पाठवलं, तर वेगवान यंत्रालाही 1 एमबीपीएसपेक्षा कमीच मिळतं. ग्रनोबलच्या फ्रेंच संशोधकांनी 2003 मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हापासून हा दोष 'अनॉमली' (विसंगती) म्हणून ओळखला जातो.

मग आतल्या खोलीतला फोन हळू का होतो? लांबच्या माणसाशी आपण एकेक शब्द सुटा करून बोलतो, तसंच सिग्नल दुबळा झाला की यंत्र सावकाश बोलतं. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि दर 10 ने खाली गेला की ताकद एक दशांश उरते. आतल्या खोलीत मोबाइलवरचं अ‍ॅप उणे 81 दाखवत होतं. राउटर पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर लावला आणि त्याच खोलीत उणे 64 आलं, म्हणजे जवळपास पन्नास पट ताकद. व्हिडिओ चालू असतानाही पिंग 20 च्या आसपास राहिला.

दुरुस्ती राउटरच्या आतूनही होते. स्वीडनमधल्या कार्लस्टाड विद्यापीठातले टोके हॉइलंड-यॉर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीसाठी अशी पद्धत मांडली, की पॅकेटं न मोजता प्रत्येक यंत्राला हवेतला सारखा वेळ द्यायचा. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यात नवीन तार किंवा महागडा प्लॅन काहीच लागत नाही. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' दिसलं तर सुरू करून बघा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पिंग घ्या, आणि तोही घरात कुणीतरी मोठी फाइल उतरवत असताना. रिकाम्या नेटवर्कवर सगळ्यांचाच पिंग चांगला येतो.