गुंजेचा दाणा आणि विश्वामित्रीचा पूर

2024 सालच्या जन्माष्टमीला विश्वामित्रीचं पाणी चढायला लागलं आणि पुढचे तीन दिवस आम्ही बडोद्यातल्या समा भागातल्या घरात वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर काका जिन्याखाली पेन्सिल घेऊन उकिडवे बसले. भिंतीवर आधीच दोन रेघा होत्या, 2014 आणि 2019 अशा. त्यांच्यावर त्यांनी तिसरी ओढली, तारीख घातली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "सुटलो. टीव्हीवर सांगतायत, असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो. आता माझ्या हयातीत नाही."

हा लेख त्या एका वाक्यापायी.

काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट आहे. त्या आठवड्यात पाणी 35 फुटांच्या वर गेलं. पावागढाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी एरवी इतकी मंद असते की नवखा माणूस तिला नाला समजतो. वर आजवा सरोवर, खाली सपाट जमीन, मध्ये बडोदं. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, म्हणजे वर्षाच्या पावसाचा निम्मा वाटा. तेव्हाही 'शंभर वर्षांतला' हा शब्द ऐकला होता. पाच वर्षांत दोन शतकं उलटली म्हणायची!

'शंभर वर्षांचा पूर' हे वेळापत्रक नव्हे. एका डब्यात 99 चिंचोके आणि 1 गुंज घाला. दर पावसाळ्यात डोळे मिटून एक दाणा काढायचा, बघायचा आणि परत डब्यात टाकायचा. गुंज आली तर त्या वर्षी तसा पूर. सगळी मेख या 'परत टाकण्यात' आहे. यंदा गुंज आली म्हणून पुढच्या वर्षी तिची शक्यता कमी होत नाही, तेव्हाही ती शंभरात एकच राहते. डब्याला आठवण नसते.

आता वीस वर्षांच्या गृहकर्जाचा विचार करा. एका वर्षी गुंज न येण्याची शक्यता 0.99. वीस वर्षं ओळीने न येण्याची 0.99 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.82. उरले 18 टक्के. कर्ज फिटायच्या आत 'शतकातला' पूर घरात येण्याची शक्यता अठरा टक्के! पूर्ण शंभर वर्षं धरली तर ती 63 टक्के होते, शंभर नव्हे. आणि त्या शंभर वर्षांत असे दोन किंवा जास्त पूर येण्याची शक्यता 26 टक्के, चारात एकाहून जरा जास्तच.

पण शंभरात एक हे ठरवलं कुणी? आपल्याकडे नदीच्या मोजमापाच्या नोंदी चाळीस-पन्नास वर्षांच्या असतात. दर वर्षीची सर्वोच्च पातळी घ्यायची आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावायची. चाळीस वर्षांच्या नोंदी असतील तर पहिल्या क्रमांकाच्या पुराला '41 वर्षांतून एकदा' असा मान मिळतो, दुसऱ्याला त्याच्या निम्मा. शंभरापर्यंत पोचायला मात्र रेघ नोंदींच्या पुढे ताणावी लागते. ती कशी ताणायची, याची एक रीत एमिल गुंबेल या जर्मन गणितज्ञाने रूढ केली. हा माणूस नाझींच्या विरोधात उघड बोलणारा, त्यापायी देश सोडून आधी फ्रान्सला आणि मग अमेरिकेला गेलेला. मला तो फार आवडतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. ज्यांना लॉगॅरिदमचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

गुंबेलने वर्षांच्या आकड्याचं एका मोजपट्टीत रूपांतर केलं: 1 मधून वार्षिक शक्यता वजा करा, (नैसर्गिक) लॉग घ्या, चिन्ह बदला, पुन्हा लॉग घ्या, पुन्हा चिन्ह बदला. दहा वर्षांच्या पुरासाठी उत्तर येतं 2.25 आणि शंभर वर्षांच्या पुरासाठी 4.60. वर्षं दसपट झाली, मोजपट्टीवरचं अंतर जेमतेम दुप्पट. पुराची उंची या मोजपट्टीच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते असं तो मानतो. समजा, मोजपट्टीच्या एका घराला नदी दोन फूट चढते. मग दहा वर्षांच्या आणि शंभर वर्षांच्या पुरात फरक पाच फुटांहूनही कमी. आता नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, भराव घालून बुजवली आणि तेवढ्याच पाण्याला दोन फूट जास्त चढावं लागलं, तर शंभर वर्षांच्या पुराची जुनी उंची मोजपट्टीवर 4.60 वरून 3.60 वर येते. उलटं गणित केलं की वर्षं येतात 37.

शंभराचे सदतीस, आणि आभाळातून एक थेंबही जास्त पडलेला नाही. डब्यातल्या गुंजा एकाच्या पावणेतीन झाल्या. गृहकर्जाचे ते अठरा टक्के आता 42 वर जातात. आणि आभाळही पूर्वीचं राहिलेलं नाही: हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं.

आमच्या गल्लीत मात्र याचं निदान वेगळं झालं. पुरात अंगणात मगर आली, ती खोडियार मातेचं वाहन, म्हणजे देवीचा कोप! पुढच्या आठवड्यात पुलावरून नदीला चुंदडी (देवीची ओढणी) आणि नारळ वाहिले गेले. मगर बिचारी बिळात पाणी शिरलं म्हणून कोरडी जागा शोधत होती. चुंदडी प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकली होती हे मी स्वतः पाहिलं. पाण्याची वाट तुंबवायला तीही लागतेच. बातमीदारांचं 'न भूतो न भविष्यति' याच पंथातलं. त्यातला 'भविष्यति' कोणत्या नोंदवहीतून काढतात कोण जाणे.

खर्चाचं गणितही याच डब्यातून निघतं. समजा, एका पुरात घराचं चार लाखांचं नुकसान होतं. शंभरात एक धरलं तर वर्षाला सरासरी चार हजार पडले. सदतिसात एक धरलं तर दहा हजार आठशे. विम्याचा हप्ता महाग की स्वस्त, ते या आकड्याशी ताडून बघायचं असतं. आम्ही ताडतो शेजाऱ्याच्या हप्त्याशी. शिवाय नुकसान पाण्याच्या उंचीबरोबर समान वाढत नाही. पहिल्या दोन फुटांतच बरंचसं जातं, कारण महागाच्या वस्तूंचा जीव खाली असतो: फ्रीजचा कॉम्प्रेसर, वॉशिंग मशीनची मोटर, पाण्याचा पंप. आमचा फ्रीज उघडून मिस्त्री एवढंच म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर गयुं." वरची काच, कप्पे, दार, सगळं धड होतं.

मी काकांना हे चिंचोके घेऊन समजावलं. खरोखर डबा घेतला, 99 मोजले, आजीच्या डबीतली एक गुंज टाकली. काकांनी सात वेळा हात घातला, सातही वेळा चिंचोके आले. "बघ," म्हणाले. आठव्या वेळी घालायला तयार होईनात.

नवा फ्रीज दोन फुटी लोखंडी स्टँडवर ठेवला आहे, काकांनीच वेल्डरकडून करून आणला. आजीचा हात आता बर्फाच्या कप्प्याला पुरत नाही, त्यावरून रोज कुरकुर चालते.