सेवाग्रामची झोपडी नोटेवर कशी आली

नागपुरात जुन्या नोटा जमवणाऱ्याच्या अल्बममध्ये 'गांधी शताब्दी'चं पान बहुधा सापडतंच. कोरी नोट नाही मिळाली तर घडी पडलेली चालते, पण ती हवी असते. कारण साधं आहे : ही आपल्या विदर्भाची नोट आहे. 2 ऑक्टोबर 1969 रोजी महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त रिझर्व्ह बँकेने 2, 5, 10 आणि 100 रुपयांच्या नोटा काढल्या. त्यांच्या मागच्या बाजूला गांधीजी बसून वाचताना दिसतात आणि त्यांच्या पाठीमागे आहे सेवाग्राम आश्रम, इथून जेमतेम 75 किलोमीटरवरचा.

गांधीजींना नोटेवर यायला तोवर बावीस वर्षं लागली होती. स्वातंत्र्यानंतर नोटेवरून इंग्लंडच्या राजाला हटवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या जागी गांधीजींचंच चित्र घ्यावं असा पहिला विचार होता आणि तसे नमुने तयारही झाले होते. शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहस्तंभावर. 1949 ची एक रुपयाची नोट या सिंहांसह निघाली. मला हा निर्णय योग्य वाटतो. राजाच्या जागी दुसरी व्यक्ती बसवण्यापेक्षा अडीच हजार वर्षांच्या जवळ जाणारी परंपरा सांगणारं चिन्ह त्या नव्या प्रजासत्ताकाला अधिक शोभणारं होतं.

मग 1969 मध्ये गांधीजी आले तेही राजासारखे चौकटीत नाहीत, तर जमिनीवर बसलेले. आणि मागे महाल किंवा धरण नाही, एक झोपडी.

त्या झोपडीची हकिगत नोटेइतकीच मोलाची आहे. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. गावाचा मोठा हिस्सा जमनालाल बजाज यांच्या मालकीचा होता. घर बांधताना गांधीजींची अट होती की खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा आणि सामान व मजूर जवळपासचेच असावेत. म्हणून मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. आज 'बापू कुटी' म्हणून जी दाखवतात ती आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची होती. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने मातीला उठाव देऊन काढलेली ताडाची झाडं आणि चरखा अजून बघायला मिळतो. बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागलं, तेव्हा 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा किस्सा चांगला ठाऊक असतो.

म्हणजे ज्या वास्तूवर पाचशेसुद्धा खर्च करू नका असं खुद्द गांधीजींनी बजावलं होतं, ती शंभराच्या नोटेवर छापली गेली. छपाई नाशिकची, झोपडी वर्ध्याची. या नोटेत महाराष्ट्र असा दोन टोकांनी भरलेला आहे.

संग्राहक मात्र आधी सही बघतात. या मालिकेवर गव्हर्नर एल. के. झा यांची सही आहे आणि नंतरच्या छपाईवर बी. एन. आडारकर यांची. आडारकर 1970 मध्ये 4 मे ते 15 जून एवढेच, 42 दिवस, गव्हर्नर होते. त्यांच्या सहीची नोट हाती आली की अल्बमचा मालक ती पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

1987 मध्ये पाचशेच्या नोटेवर गांधीजींचा चेहरा आला आणि 1996 च्या मालिकेपासून तो कायमचा झाला. हसरा, ओळखीचा, सगळ्यांचा. पण त्यात सेवाग्राम नाही.

शताब्दीची दोन रुपयांची नोट भिंगाखाली धरा. आधी दिसतं ते वाचनात खाली झुकलेलं डोकं. मग नजर मागच्या छपरावर जाते, तिथे बारीक रेघांच्या गर्दीत उतरतं छत लागतं. आणि त्याच बाजूला, भाषांच्या रांगेत, मराठीतली ओळ : दोन रुपये.