सेल लीक होणं

सेल लीक होणं म्हणजे घड्याळ, रिमोट, रेडिओ, टॉर्च, खेळणी यात टाकलेल्या सुक्या सेलमधलं रसायन बाहेर येणं आणि त्यानं त्या वस्तूची स्प्रिंग, पत्ती, वायर, कधी कधी आतली सर्किटची प्लेटसुद्धा खाऊन टाकणं. कोणी म्हणते सेल पाझरला, कोणी म्हणते सेलनं पाणी सोडलं, कोणी नुसतं सेल फुगला म्हणते. विदर्भाच्या खेड्यात एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, ती म्हणजे आमच्याकडे बॅटरी म्हटलं की हातात धरायची टॉर्च, आणि तिच्यात टाकतात तो सेल. "बॅटरी घे न जा वावरात" म्हणजे टॉर्च घेऊन जा. म्हणून या नोंदीत सेल म्हणजे सेल आणि बॅटरी म्हणजे टॉर्च असंच धरलं आहे.

दुकानात दोन जातीचे सेल मिळतात आणि दोघांची लीक व्हायची तऱ्हा वेगळी आहे. किराणा दुकानात, पानटपरीवर, आठवडी बाजारात जो स्वस्त सेल मिळतो तो झिंक-कार्बनचा. याचं मूळ जुनं आहे, फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेनं १८६६ साली असा ओला सेल बनवला, काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी घालून, आणि पुढं जर्मनीच्या कार्ल गासनरनं १८८० च्या दशकात त्या पाण्याचा लगदा करून जस्ताच्या डबीत भरला तेव्हा तो सुका सेल झाला जो आडवा तिडवा कसाही ठेवता येतो. मधात कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा मसाला, आणि बाहेरची डबी जस्ताची. इथंच खरी गोम आहे, की ही जस्ताची डबी नुसतं भांडं नाही, तीच जळण आहे. सेल चालतो म्हणजे ती डबी आतून विरघळत जाते. समजा ज्या गंजात म्हणजे पातेल्यात वरण शिजवायचं तो गंजच थोडा थोडा जळत असला तर एक दिवस बूड जाणारच, तसंच. सेल जसा जसा संपतो तशी डबी पातळ होते, मग भोक पडते, आणि आतलं नवसागर किंवा झिंक क्लोराइडचं पाणी बाहेर येते. चांगल्या सेलवर बाहेरून लोखंडी पत्र्याचं कव्हर असते त्यानं थोडं थांबते, नुसता कागद किंवा प्लास्टिक गुंडाळलेला असला तर काहीच अडत नाही.

दुसरी जात अल्कलाइनची, महागाची. लुईस उरी नावाच्या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात ती अमेरिकेत बाजारात आणण्यासारखी केली. यात बाहेरची डबी पोलादाची असते आणि जस्ताची भुकटी मधात असते, म्हणून डबीला भोक पडत नाही, पण आतला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जबरदस्त दाहक. जस्त आणि पाणी यांची आतल्या आत हळूहळू रिअॅक्शन होऊन हायड्रोजन वायू तयार होतो, सेल संपल्यावरही वस्तूत तसाच पडून राहिला तर जास्त तयार होतो, दाब वाढतो, आणि सेल बॉम्बसारखा फुटू नये म्हणून ऋण टोकाच्या प्लास्टिकच्या सीलमध्ये मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते ती फाटते. म्हणजे अल्कलाइन सेलचं लीक होणं हे एका अर्थानं त्याचं सुरक्षिततेचं दारच उघडणं आहे. बाहेर आलेला द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पोटॅशियम कार्बोनेट होतो, तोच तो पांढरा फुलोरा जो रिमोटचं झाकण उघडलं की दिसते. आधी हा वायू कमी व्हावा म्हणून जस्तात थोडा पारा घालायचे, १९९० च्या दशकात पाऱ्याच्या विषामुळं ते बंद होत गेलं आणि जास्त शुद्ध जस्त वापरू लागले.

सेल महाग असो की स्वस्त, बहुतेक वेळा तो संपत आल्यावर किंवा संपल्यावर लीक होतो. आणि आमच्या घरातली जी रीत आहे ती नेमकी अशा संपत आलेल्या सेललाच सगळ्यात जास्त दिवस वस्तूत ठेवते. बॅटरीचा उजेड पिवळा पडला की सेल फेकत नाहीत. आजी म्हणायची, "काहून फेकतं रे बापू, रेडिओत टाक, चालते अजून थो." मग तो मोठा सेल रेडिओत जातो. छोट्याचंही तसंच, खेळण्यातला रिमोटमध्ये, रिमोटमधला घड्याळात. यात चूक काही नाही असं वाटते, आणि काटकसर म्हणून खरंच चूक नाही, पैसे झाडाला लागत नाहीत. पण भिंतीवरचं घड्याळ इतकी थोडी वीज घेते की नवा सेल त्यात वर्षभर आणि कधी त्याहून जास्त चालतो, आणि म्हाताऱ्या सेलवरही ते काही महिने टिकटिक करत राहते. त्याच काही महिन्यांत आधीच पातळ झालेल्या डबीला भोक पडते. घड्याळ बंद पडलं म्हणून पाहावं तर सेल चिकटलेला, स्प्रिंगला जंग, आणि पत्ती हिरवी. मी आजवर जेवढी खराब झालेली घड्याळं उघडून पाहिली त्यातल्या बहुतेकात सेल दुसऱ्या वस्तूतून काढून टाकलेलाच निघाला, म्हणून हे इतकं लांबवून सांगतो आहे. घड्याळात नवाच सेल टाकावा, आणि म्हातारा सेल वापरायचाच असला तर जी वस्तू रोज हातात येते, उघडून पाहता येते तिच्यात वापरावा.

दुसरी रीत, सेल उन्हात ठेवायची. उन्हाळ्यात टिनावर, हिवाळ्यात ओट्यावर तीन सेल ओळीनं मांडलेले हे दृश्य ज्यानं खेड्यात लहानपण काढलं त्याला सांगायची गरज नाही. सेल दातानं चावायचा, दगडावर ठोकायचा, हेही चालते. याचा थोडा उपयोग होतो हे खरं आहे, गरम झाल्यानं आतली रिअॅक्शन जोरात होते, मसाल्यातला ओलावा इकडून तिकडं सरकतो, आणि नुसता आराम दिल्यानंही सेलचे व्होल्ट थोडे वर येतात, मग संध्याकाळी बॅटरी दहा-पंधरा मिनिटं नीट लागते. पण तो सेल चार्ज झालेला नसतो, उरलंसुरलं जस्त तेवढं लवकर जळते, आणि चावलेल्या ठोकलेल्या जागी डबी आधी फाटते.

ऊन तर आमच्याकडे न मागता मिळते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही, आणि टिनाच्या घरात दुपारी त्याहून जास्त तापते. उष्णतेनं सेलमधली नको ती रिअॅक्शनही वाढते, वायू वाढतो, सील वाळते. म्हणून मे महिन्यात टिनाखालच्या फळीवर ठेवलेला रेडिओ आणि गाडीच्या डिक्कीत राहिलेली बॅटरी यांना आधी धोका. मग मृग लागला की दुसरं संकट, कारण उन्हाळ्यात जी पांढरी भुकटी कोरडी पडून होती ती पावसाळी हवेतला ओलावा ओढून ओली होते आणि पुन्हा खायला सुरुवात करते. कितीतरी वस्तू उन्हाळ्यात लीक होतात पण बंद पडतात जून-जुलैत, आणि लोकांना वाटते पावसानं गेली.

बॅटरीची गोष्ट वेगळी सांगावी लागते कारण ती विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हातातली वस्तू आहे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर मोटारीची लाइन पुष्कळदा रात्रीची असते, रानडुकरांसाठी जागल करावी लागते, पायाखाली साप आणि जंगलाकडच्या गावात वाघ-बिबट. तिथं बॅटरी न लागणं हा नुसता वस्तूचा खर्च नाही. आता पुष्कळांकडं चार्जिंगची आली तरी घरात सेलवाली एक असतेच. तीन सेलच्या बॅटरीत सेल एकामागे एक लावलेले असतात, तीन मिळून साडेचार व्होल्ट. त्यातले दोन नवे आणि एक जुना टाकला तर जुना आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघं त्याच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलत राहतात, त्यात गॅस होऊन तोच आधी लीक होतो. म्हणून बदलायचे तर तिन्ही बदलायचे, एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले. शिवाय नळी ॲल्युमिनियमची असली तर लीक झालेलं रसायन तिलाही खाते, सेल फुगतो आणि आतच अडकतो. अशा वेळी नळीची दोन्ही टोकं उघडून एका बाजूनं लाकडाच्या दांडक्यानं हळूहळू ठोकत काढावा, खिळा ठोकू नये, आगीवर धरून सैल करायचा तर विचारही करू नये.

कोरोनाच्या काळातल्या ऑक्सिमीटरचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर गावोगावी दारात आला, आणि २०२१ च्या लाटेत पुष्कळ घरांनी स्वतःचा विकत घेतला. बहुतेकात दोन छोटे सेल असतात. लाट ओसरली, ऑक्सिमीटर सेलसकट आलमारीत गेला. आमच्या घरचा मी दोन वर्षांनी काढला, वडिलांना दम लागला म्हणून, तर झाकणाखाली पांढरा फुलोरा आणि स्प्रिंग हात लावताच तुटली. त्या रात्री तो कामाला आला नाही. जी वस्तू कधीतरीच लागते, म्हणजे ऑक्सिमीटर, बीपीची मशीन, जास्तीची बॅटरी, तिचे सेल काढून त्याच डब्यात बाजूला ठेवावे, कागदात गुंडाळून, म्हणजे लागली तेव्हा एका मिनिटात टाकता येतात.

नुकसान कसं पसरते हेही जरा पाहू. अल्कलाइनमध्ये बहुधा स्प्रिंगकडचं म्हणजे ऋण टोक आधी खराब होते, कारण सील तिकडंच असते. पण ते तिथं थांबत नाही, हा द्रव वायरच्या आतल्या तारांमधून वातीत तेल चढते तसा चढतो आणि सेलच्या खणापासून दूर असलेल्या प्लेटपर्यंत जातो. म्हणून कधी स्प्रिंग साफ केली तरी वस्तू चालत नाही, वायर सोलून पाहिली तर आतून काळी किंवा हिरवी. तेवढी वायर कापून नवी सोल्डर करायची, गावातला रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा हे काम सहज करतो.

साफ करायचं तर आधी कोणता सेल होता ते पाहावं, वर लिहिलेलं असते. अल्कलाइन असला तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कानकाडीच्या कापसावर थोडासा घेऊन लावायचा, फेस येते, फेस थांबेपर्यंत लावायचा. झिंक-कार्बनचं पाणी आंबट स्वभावाचं असते म्हणून तिथं खायचा सोडा पाण्यात कालवून. मग ओल्या चिंधीनं पुसून शेवटी मेडिकलमधल्या स्पिरिटनं पुसावं म्हणजे ओलावा राहत नाही, हात धुवायचं जेलवालं सॅनिटायझर नको, त्याचा थर बसतो. जंग पॉलिश पेपरनं किंवा खोडरबरनं घासली की चकाकी येते, पण फार घासलं तर वरचा मुलामा जातो आणि पुन्हा लवकर जंग धरते. एक दिवस सावलीत वाळू द्यायचं आणि मगच नवा सेल. हे सगळं करताना हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी, भुकटीला फुंकर मारू नये, डोळ्यात जाते. अंगाला लागलं तर नुसत्या पाण्यानं, भरपूर, डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहायचं आणि दवाखाना. लिंबू-व्हिनेगर हे पत्तीसाठी आहे, कातडीसाठी किंवा डोळ्यासाठी नाही.

लेकरांच्या खेळण्यातला आणि रिमोटमधला बटन सेल हा निराळाच धोका आहे, तो गिळला तर दोन तासांत अन्ननळी आतून भाजू शकते, तेव्हा वाट पाहायची नाही, थेट मोठा दवाखाना.

आमच्या लहानपणी संपलेला सेल फोडून कांडी काढायची आणि तिनं फरशीवर लिहायचं, काळ्या मसाल्यानं शाळेतला फळा काळा करायचा हे सर्रास होतं. आता नको, कारण तो मसाला नाकातोंडात जातो आणि अल्कलाइन सेल फोडला तर हात भाजते. सेल चुलीत, शेकोटीत टाकू नये, तो फुटतो. उकिरड्यावरही नको, कारण उकिरड्याचं खत बंडीनं वावरातच जाते आणि सेलचे पत्रे-मसाला मातीत मिसळतात. केंद्र सरकारनं २००१ च्या नियमांच्या जागी २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आणले, त्यात घरगुती छोटे सेलही येतात आणि वापरलेले सेल परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. आमच्या आठवडी बाजारात मात्र सेल टाकायचा डब्बा अजून मला दिसला नाही, तेव्हा घरी झाकणाचा प्लास्टिकचा डब्बा ठेवतो, कोरड्या जागी, लेकरांच्या हाताला येणार नाही असा, आणि तो भरला की जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्याजवळ ई-कचऱ्यात द्यायला देतो.