नाकातील नळी आणि पोटावरील नळी: काढताना व काढल्यानंतर

एकाच कक्षात शेजारी असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाची आहारनळी सकाळच्या फेरीनंतर परिचारिका खाटेवरच काढून टाकते आणि दुसऱ्याला मात्र ‘अजून काही आठवडे थांबू’ असे सांगितले जाते, तेव्हा दुसऱ्याच्या नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा त्यात कुणाची दिरंगाई नसते. त्या दोन नळ्याच निराळ्या असतात. एक नाकावाटे घशातून अन्ननलिकेत आणि तेथून जठरात उतरलेली असते. तिला रुग्णालयात राईल्स ट्यूब म्हणतात. दुसरी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली असते, ती पेग. दोन्हींतून तेच पातळ अन्न आणि तीच औषधे जातात, त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लावला जातो. परंतु नाकातली नळी शरीराच्या मूळच्याच वाटेने आत गेलेली असते, म्हणून ती निघाली की विषय जवळजवळ तेथेच संपतो. पोटावरच्या नळीसाठी नवी वाट पाडलेली असते, आणि नळी निघाल्यावरही ती वाट मागे उरते. प्रतीक्षा, मलमपट्टी, गळती हे सारे त्या वाटेमुळे उद्भवते.

नाकातील नळी थोड्या काळाच्या गरजेसाठी असते. चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ नळीनेच आहार द्यावा लागेल असे दिसू लागले की पोटावरच्या नळीचा विचार सुरू होतो. नाकातील नळी काढण्यापूर्वी आहार काही वेळ थांबवतात, रुग्णाला पाठीला आधार देऊन बसवतात, छातीवर टॉवेल पसरतात आणि सिरिंजने नळीतून थोडी हवा किंवा पाणी सोडतात, म्हणजे आत अडकलेले अन्न किंवा जठररस नळी बाहेर येताना घशात ठिबकत नाही. मग नाकावरची चिकटपट्टी सोडवली जाते. कित्येकांना, विशेषतः वृद्धांना, हाच भाग अधिक झोंबतो, कारण बरेच दिवस पट्टीखाली राहिलेली त्वचा नाजूक झालेली असते. पट्टी आधी ओली करून घेतली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो आणि तसे करायला सांगण्यात संकोच बाळगू नये. त्यानंतर खोल श्वास घेऊन रोखून धरायला सांगतात. श्वास रोखल्याने श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि चुकून ओघळलेला थेंब फुप्फुसाकडे जात नाही. परिचारिका नळी बोटांत चिमटून धरते आणि मध्ये न थांबता सलग ओढून बाहेर घेते. प्रौढ माणसाच्या शरीरात ही नळी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर आत असते, तरी हे सारे काही सेकंदांत उरकते. तेवढ्यात नाकाच्या मागे जळजळ होते, उमासा येतो, डोळ्यांत पाणी तरळते आणि टोक बाहेर पडताच बहुधा एखादी जोरदार शिंक येते. चिकट स्रावाने माखलेले ते टोक पाहून शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच अधिक कसेसे होते.

वारंवार नळी उपटणाऱ्या काही रुग्णांची नळी नाकाच्या पडद्यामागून फिरवून आणलेल्या फितीला बांधलेली असते. ती फीत एका बाजूने कापल्याशिवाय नळी ओढायची नसते. त्यामुळे ‘काय, ओढायचीच तर आहे’ म्हणून घरच्यांनी परस्पर हात घालू नये. नळी निघाल्यावर तोंड व नाक स्वच्छ केले जाते, घसा एक-दोन दिवस खवखवतो, नाक शिंकरताना रक्ताचा अंश दिसू शकतो. नाक दाबून धरूनही १०-१५ मिनिटांत रक्त थांबले नाही, धाप लागली किंवा पुढच्या दिवसांत खोकल्याबरोबर ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. एवढे सोडले तर या नळीचे मागे काही उरत नाही.

पोटावरच्या नळीकडे वळताना आधी आतली रचना समजून घेतली पाहिजे. पूर्वी जठरात नळी बसवायची म्हणजे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता ती बसवून दाखवली आणि १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत जठराच्या आत एक मऊ चकती आणि त्वचेवर दुसरी चकती अशा दोहोंमध्ये जठर व पोटाची भिंत एकमेकींना लागून धरली जाते. जठर मुळात पोटाच्या भिंतीला चिकटलेले नसते. ते हळूहळू तिला चिकटते आणि नळीभोवती ऊतींचे अस्तर असलेला बंद मार्ग तयार होतो. ही क्रिया पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकार घेते आणि साधारण चार आठवड्यांनी भरवशाची होते. कुपोषण, स्टिरॉइडची औषधे किंवा पोटात साठलेले पाणी असेल तर तिला आणखी वेळ लागतो. मार्ग पक्का होण्याआधी नळी काढली तर जठर आत सरकते आणि त्यातील अन्न व आम्ल उदरपोकळीत सांडून जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो. रुग्ण दहाव्या दिवशी व्यवस्थित जेवू लागला तरी डॉक्टर नळीला हात लावत नाहीत, ते याच कारणाने.

मार्ग पक्का झाल्यावर ती कशी काढायची, हे आत काय बसवले आहे यावर ठरते. पाण्याने भरलेला फुगा असेल तर काम सोपे: सिरिंजने पाणी ओढून घेतले की फुगा मिटतो आणि नळी सहज घसरून येते. आत ओढून काढण्याजोगी चकती असेल तर रुग्णाला उताणे झोपवतात, नळी थोडी आत ढकलून व फिरवून ती मोकळी आहे याची खात्री करतात, कारण कधी कधी चकती जठराच्या भिंतीत रुतून बसलेली असते आणि तशा अवस्थेत ओढणे धोक्याचे ठरते. मग डॉक्टर एका हाताने नळीभोवतीचे पोट दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने नळी सरळ वर, जोर लावून ओढतात. चकती घडी होऊन त्या अरुंद वाटेतून झटक्यात बाहेर येते. ‘फट्’ असा आवाजही येतो. तो क्षण खरोखर दुखतो, पण क्षणभरच. आधी वेदनाशामक औषध देता येते आणि ते मागून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘काहीच कळणार नाही’ असे सांगून केलेल्या कृतीपेक्षा ‘एकदा जोरात कळ येईल आणि ओसरेल’ हे आधी सांगणे रुग्णाला अधिक धीर देते. काही नळ्यांची चकती इतकी कडक असते की ती ओढून निघत नाही. तेव्हा पुन्हा दुर्बीण घालून, नळी त्वचेलगत कापून, आतला तुकडा तोंडावाटे बाहेर घेतात. तो तुकडा शौचावाटे पडून जाऊ देण्याची पद्धतही आहे, परंतु तो आतड्यात अडकू शकतो, म्हणून लहान मुले आणि पूर्वी आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत ती टाळणेच योग्य. आपली नळी कोणत्या प्रकारची आहे हे बसवतानाच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. ते कागद सोबत न्यावेत आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधीच सांगावे, कारण ती किती दिवस थांबवायची किंवा थांबवायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा आहे.

नाकातल्या नळीत जे मागे उरत नाही, ते येथे उरते: जेमतेम पेन्सिलीएवढे छिद्र. त्याला सहसा टाके घालत नाहीत. त्यावर जाड गॉज ठेवतात आणि काही तास खाणेपिणे थांबवून मग थोडे थोडे सुरू करतात. पहिल्या दिवशी थोडे रक्त, जठररस किंवा प्यालेले पाणीच गॉजवर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. गळती दिवसागणिक कमी होत जाते आणि मार्ग बहुतेकांमध्ये एक ते तीन दिवसांत मिटतो, जरी वरची त्वचा पूर्ण भरून यायला आणखी वेळ लागतो. खोकताना, शिंकताना गॉजवर तळहात दाबून धरावा, एका वेळी थोडेच खावे आणि भिजलेले गॉज लगेच बदलावे, कारण जठरातील आम्ल त्वचेला भाजते. झिंक ऑक्साइडचे मलम तिचे रक्षण करते. छिद्र मिटेपर्यंत टबात किंवा तलावात उतरू नये. शेवटी तेथे एक छोटीशी खळी राहते. पोटातली कळ कमी होण्याऐवजी वाढत गेली, पोट ताठ झाले, ताप आला, पू दिसला किंवा खाल्लेले अन्न भराभर बाहेर येऊ लागले तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

टोचलेल्या कानाचे भोक नवे असेल तर चटकन बुजते आणि वर्षानुवर्षांचे असेल तर तसेच राहते, तसेच काहीसे येथेही होते. नळी अनेक महिने किंवा वर्षे राहिली असेल, विशेषतः लहान मुलांमध्ये, तर मार्गाचे अस्तर इतके पक्के होते की महिना उलटला तरी गळती थांबत नाही. मग आम्ल कमी करणारी औषधे, सिल्व्हर नायट्रेटने अस्तर जाळणे, दुर्बिणीतून क्लिप लावणे आणि हे सारे अपुरे पडले तर छोटी शस्त्रक्रिया असे उपाय केले जातात.

‘काढायची केव्हा’ या प्रश्नाचे उत्तरही यावरूनच निघते. गिळण्याची तपासणी दोन्हींत आवश्यक आहे. परंतु नाकातली नळी घशात असल्याने गिळताना स्वतःच थोडी अडचण करते आणि गरज पडल्यास पुन्हा घालता येते, म्हणून ती लवकर काढून पाहण्यात फारसे गमवायचे नसते. पोटावरची नळी गिळण्याच्या आड येत नाही आणि ती पुन्हा बसवायची म्हणजे सारी प्रक्रिया नव्याने, म्हणून रुग्ण काही आठवडे नळी न वापरता तोंडाने पुरेसे खातो-पितो, औषधे घेतो आणि वजन टिकवतो हे दिसल्यावरच ती काढतात. त्या काळातही ती रोज पाण्याने धुवावी लागते.

नळी आपोआप निघून आली तर घाई कुठे करायची हे उलटे होते. नाकातली नळी निघाली किंवा अर्धी बाहेर आली तर आहार थांबवावा आणि ती घरी पुन्हा आत सारू नये, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. परंतु दुसरी घालायला सहसा काही तासांचा अवधी असतो. पोटावरची नळी निघाली तर पक्का झालेला मार्गही काही तासांतच आकसू लागतो, म्हणून स्वच्छ गॉज ठेवून लगेच निघावे. बसवून महिनाही झाला नसेल तर छिद्रात काहीही घालू नये. निघालेली नळी टाकून न देता पिशवीत घालून सोबत न्यावी, कारण तिच्यावर आकार छापलेला असतो; आणि नवी नळी जठरातच पोहोचली आहे हे तपासून झाल्याशिवाय तिच्यातून पाणीसुद्धा देऊ नये.