स्टेम सेल टोचून एमएस बरा होतो म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत फिरत आला. कुठल्यातरी परदेशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधे एक बाई काठी न घेता चालतेय, डोक्यावर एक केस नाही, नर्स टाळ्या वाजवतायत आणि खाली लिहिलंय, "मल्टिपल स्क्लेरोसिसवर स्टेम सेलचा चमत्कार, खराब झालेल्या नसा पुन्हा उगवल्या." लगेच दोघांनी हात जोडले, एकाने "आपल्याकडे हे पाच हजार वर्षांपूर्वीच होतं" असं ठोकून दिलं (कुठे लिहिलंय विचारलं की गडी ऑफलाइन), आणि एका काकूंनी विचारलं, "पण हिचे केस कुठे गेले?" सगळ्या ग्रुपमधे कामाचा प्रश्न तेवढा एकच होता. नुसत्या नसा उगवायच्या असत्या तर टक्कल पडायचं काही कारण नव्हतं.

टक्कल पडतं केमोमुळे, आणि या ट्रीटमेंटमधलं खरं औषध ती केमोच आहे. स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून रक्तातल्या पेशी बनतात त्या पेशंटच्याच मूळ पेशी, नंतर येतात, त्याला सावरायला. त्या मेंदूत जाऊन काहीही दुरुस्त करत नाहीत.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, काय असतो ते पटकन सांगतो. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, आणि आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी त्यावर हल्ला चढवतात. मग कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागतं, कुणाचा पाय जड पडतो, कुणाला कमरेखाली मुंग्या. सुरुवातीला बहुतेकांत अटॅक येतो, ओसरतो, काही महिन्यांनी पुन्हा येतो. पुढे अनेकांत अटॅक थांबतात पण शरीर हळूहळू ढासळत राहतं, त्याला प्रोग्रेसिव्ह स्टेज म्हणतात. हे दोन टप्पे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. जगात २८ लाखांच्या वर पेशंट आहेत, विषुववृत्तापासून लांबच्या थंड देशांत जास्त, म्हणून आपल्याकडे हा आजार लोकांना फारसा माहीत नसतो.

आता ही भानगड सुरू कुठून झाली? रक्ताच्या कॅन्सरसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या काही लोकांना आधीपासून एखादा ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते असा) आजारही होता आणि ट्रान्सप्लांटनंतर तोही शांत झाला, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या डॉ. फासास यांच्या टीमने १९९५ मधे एमएसच्या पेशंटवर हा प्रयोग सुरू केला. नंतर शिकागोचे डॉ. रिचर्ड बर्ट, कॅनडात ओटावाचे अ‍ॅटकिन्स आणि फ्रीडमन, इंग्लंडमधे शेफील्डची टीम असे बरेच जण त्यात आले. पण स्वतःच्या देशात नंबर लागत नाही, विमा पैसे देत नाही, म्हणून हजारो लोक स्वतःच्या खिशातून पैसे घालून मॉस्कोच्या पिरोगोव्ह सेंटरला किंवा मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या क्लिनिका रुईझला जायला लागले. खर्च पन्नास हजार डॉलरच्या आसपास. २०२२ नंतर युक्रेन युद्धामुळे मॉस्कोचा रस्ता पाश्चात्य लोकांना अवघड झाला, पुएब्ला चालू आहे.

तिथे होतं काय तर आधी सायक्लोफॉस्फमाइड नावाची केमो आणि मग रोज जी-सीएसएफची इंजेक्शनं. हाडांच्या आत स्टेम सेल जहाजाला असतो तशा एका रासायनिक नांगराने धरून ठेवलेल्या असतात, या इंजेक्शनांनी तो नांगर सुटतो आणि त्या रक्तात वाहून येतात, त्या दिवसांत कंबर आणि छातीचं हाड ठणकतं ते या इंजेक्शनांमुळेच. मग मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त मशीनमधे फिरवतात, मशीन हव्या त्या पेशी बाजूला काढून बाकीचं रक्त परत देतं, यात काही तास जातात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात आणि मशीनवर पडल्यापडल्या पेशंटला कॅल्शियमच्या गोळ्या चघळायला देतात. दर किलो वजनामागे निदान वीस लाख स्टेम सेल लागतात.

बहुतेक ठिकाणी या पेशींची पिशवी अतिथंड नायट्रोजनमधे गोठवतात. पुएब्लाच्या लोकांनी इथे कमाल केलीय, ते गोठवतच नाहीत, साध्या चार डिग्रीच्या फ्रिजमधे ठेवतात, पेशी तशा काही दिवस टिकतात आणि त्या मुदतीत बसेल असं केमोचं वेळापत्रक आखतात. शिवाय पेशंट हॉस्पिटलमधे अ‍ॅडमिट नसतो, सोबतच्या माणसाबरोबर फ्लॅटवर राहतो आणि रोज क्लिनिकला येतो. खर्च आवाक्यात राहतो तो असा, यात भोंदूगिरी काही नाही, त्यांनी हे रीतसर जर्नलमधे छापलेलं आहे.

मग दुसरा मोठा केमोचा डोस, बऱ्याच सेंटरमधे सोबत सशापासून बनवलेल्या अँटीबॉडीज, आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. मायलिनला शत्रू समजणाऱ्या पेशी यात मरतात, चांगल्या पेशीही मरतात. त्यानंतर ती पिशवी सलाईनसारखी शिरेतून परत देतात, साधारण दहा-बारा दिवसांत नव्या पांढऱ्या पेशी दिसायला लागतात. मधल्या काळात साधं इन्फेक्शनही जीव घेऊ शकतं.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल की हे तर प्रतिकारशक्ती दाबून टाकणं झालं, ते तर गोळ्यांनीही होतं. बरोबर शंका आहे, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात भारी वाटतं ते याचं उत्तर. थोडं किचकट आहे, धीर धरा.

प्रश्न असा की सहा महिन्यांनी, वर्षाने पेशंटच्या रक्तात ज्या टी पेशी दिसतात त्या आल्या कुठून? दोन शक्यता. एक, केमोतून वाचलेल्या जुन्याच मूठभर पेशी दुप्पट-चौपट होत वाढल्या, म्हणजे जुनेच बिघडलेले लोक पुन्हा गादीवर. दोन, स्टेम सेलपासून कच्च्या पेशी बनल्या, त्या छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत गेल्या आणि तिथून शिकून कोऱ्या करकरीत टी पेशी बाहेर पडल्या. रक्ताचा थेंब बघून हे ओळखायचं कसं? आकड्याने तर दोन्ही सारखेच.

थायमसमधे टी पेशी तयार होताना तिला स्वतःचा रिसेप्टर (शत्रू ओळखायचा आकडा) बनवायचा असतो. त्यासाठी ती आपल्याच डीएनएतले तुकडे कापून उरलेली टोकं जोडते, आणि कापून काढलेला तुकडा वाया जात नाही, त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटून एक छोटं कडं तयार होतं आणि पेशीत तसंच पडून राहतं. याला ट्रेक म्हणतात. गंमत अशी की पेशीचं विभाजन होताना बाकी सगळ्या डीएनएची कॉपी होते, या कड्याची होत नाही. आजोबांच्या पितळी घंगाळासारखं आहे हे, वाटण्या झाल्या की घरं वाढतात पण घंगाळ एकाच घरात जातं, चार पिढ्यांनी भाऊबंदांची पन्नास घरं होतात आणि घंगाळ एकच. म्हणजे रक्तातल्या टी पेशींत कडी भरपूर सापडली तर त्या थायमसमधून नुकत्याच बाहेर पडल्यात, आणि तुरळक सापडली तर जुन्याच पेशींची पिलावळ आहे.

पाओलो मुरारो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्सप्लांट झालेल्या एमएस पेशंटमधे हेच मोजलं आणि २००५ मधे छापलं. दोन वर्षांनंतर कडी वाढलेली होती, थायमसमधून आलेल्या कोऱ्या टी पेशी आधीपेक्षा जास्त होत्या आणि त्यांच्या रिसेप्टरमधे नवी विविधता होती. मोठ्या माणसाचा थायमस म्हणजे चरबीचा गोळा, संपलेलं प्रकरण, असं आपण शाळेत शिकलो, आणि इथे तर तो तिशी-चाळिशीच्या माणसात पुन्हा कामाला लागलेला. म्हणजे यंत्रणा दबली नव्हती, बऱ्याच अंशी नवी झाली होती. (हीच कडी मोजून आता कित्येक देशांत नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तथेंबावरून जन्मजात प्रतिकारशक्ती नसल्याचं निदान करतात.) नवी यंत्रणा इतकी नवी असते की लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही पुसट होते आणि पुष्कळ लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

आता निकाल. बर्ट यांच्या टीमची ट्रायल २०१९ मधे छापून आली, अटॅक येत असलेले ११० पेशंट, निम्म्यांना ट्रान्सप्लांट आणि निम्म्यांना नेहमीची औषधं. ट्रान्सप्लांटच्या ५५ पैकी ३ जणांची अवस्था बिघडली, औषधवाल्यांत ३४ जणांची. त्या ट्रायलमधे कुणी दगावलं नाही. पण १९९५ ते २००६ दरम्यान वेगवेगळ्या देशांत ट्रान्सप्लांट झालेल्या २८१ एमएस पेशंटपैकी ८ जण शंभर दिवसांच्या आत गेले, हाही हिशोब मुरारोंनीच २०१७ मधे मांडलाय. नंतर पेशंटची निवड सुधारली, धोका बराच कमी झाला, शून्य झालेला नाही. आणि केमोने पाळी कायमची जाऊ शकते, म्हणून मूल हवं असेल तर बीजांडं किंवा वीर्य आधी गोठवून ठेवायला सांगतात. रिल्समधे हे कुणी सांगत नाही.

ते दोन टप्पे आठवतायत ना? फायदा होतो तो तरुण, अजून चालते-फिरते, अटॅक येत असलेल्या, एमआरआयवर ताजी सूज दिसणाऱ्या लोकांना, कारण ही ट्रीटमेंट चालू असलेला हल्ला थांबवते. प्रोग्रेसिव्ह स्टेजला हल्ला बराच विझलेला असतो, तंतू मेलेले असतात, तिथे थांबवायला फारसं उरत नाही. आणि घर गहाण टाकून परदेशी जाणाऱ्यांत बरेचसे नेमके हेच, स्वतःच्या देशातल्या डॉक्टरांनी "तुम्हाला उपयोग नाही" म्हणून परत पाठवलेले. मग कॉरिडॉरमधे चालणारी ती बाई? शक्य आहे, सूज उतरली की सुधारणा होतेही, पण ती कुठल्या टप्प्यावर होती हे व्हिडिओ सांगत नाही.

चमत्काराच्या मागे परदेशी धावण्याचा हा अनुभव एमएसवाल्यांना नवा नाही. २००९ मधे इटलीच्या पाओलो झांबोनींनी सांगितलं की मानेतल्या शिरा अरुंद झाल्यामुळे एमएस होतो, फुगा घालून रुंद करा. कॅनडातून लोक पोलंडला, कोस्टारिकाला, अगदी भारतातही येऊन शिरा फुगवून गेले. पुढे नीट ट्रायल झाल्यावर काहीच फायदा नाही असं निघालं, आणि त्यातली एक ट्रायल खुद्द झांबोनींचीच होती, मानलं पाहिजे माणसाला.

आपल्याकडची गोष्ट अजून वेगळी. पाठीच्या कण्यात किंवा शिरेत "नाळेच्या स्टेम सेल" टोचून ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बरं करतो म्हणणारी क्लिनिकं आणि वर लिहिलेली ट्रीटमेंट यांत नावापलीकडे काही साम्य नाही. तिथे केमो नसते, यंत्रणा नवी होत नाही, केस जात नाहीत, फक्त पैसे जातात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइननुसार ठराविक आजारांसाठीचं रक्ताच्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचं बाकी सगळं ट्रायलमधेच करायचं, आणि ट्रायलमधे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी रेटकार्ड पुढे केलं की काय समजायचं ते समजा.

आणि बर्ट यांच्या ट्रायलमधे एक मोठी फट आहे. तुलनेच्या गटाला ऑक्रेलिझुमॅबसारखी आताची तगडी औषधं मिळालेली नव्हती. म्हणून अमेरिकेत बीट-एमएस आणि इंग्लंडमधे स्टार-एमएस अशा ट्रायल सुरू झाल्या, त्यांत मुकाबला थेट या औषधांशी आहे. ऑक्रेलिझुमॅबचाच भाऊबंद रिटक्झिमॅब आपल्याकडे भारतीय कंपन्यांचा मिळतो, त्यामानाने पुष्कळ स्वस्तात, आणि न्यूरोलॉजिस्ट तो एमएसला वापरतातही. त्यामुळे मेक्सिकोचं तिकीट काढण्याआधी, चाळीस-पन्नास लाख हातात असले तरी, दोन गोष्टी विचारून घ्या: एमआरआयवर गेल्या वर्षभरात नवीन डाग आलेत का, आणि रिटक्झिमॅब देऊन बघितलंय का.